दुसरा राखीव

पावाच्या फळ्यांसमोर त्या बाईनं त्याला मिठी मारली. ट्रॉली वाटेतच सोडून ती सरळ चालत आली आणि एमिल हुदाकच्या गळ्यात पडली. तिच्या कोटावर वितळलेलं बर्फ होतं. कोटाला ओल्या कुत्र्याचा वास येत होता आणि केसांना कसल्यातरी गोड साबणाचा. एमिलच्या एका हातात राईचा पाव होता. दुसरा हात कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून तो त्यानं हवेतच धरला, एखाद्या दुकानात काच फुटल्यावर आपण नाही फोडली असं दाखवायला धरतात तसा. "तुम्ही आत असायला हवं होतं," ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "तुम्ही आत असता ना, तर तो हलकट आज स्वतःच्या घरात झोपला नसता." मग ती मागं सरली, नाक पुसलं, जराशी लाजली. "देव तुमचं भलं करो, मिस्टर हुदाक." आणि बनपावाचं एक पाकीट उचलून निघून गेली. पावात मधोमध एमिलची चार बोटं रुतली होती. तो परत फळीवर ठेवणं बरं दिसेना. त्यानं तो ट्रॉलीत टाकला.

आत. जो तो हेच म्हणे. पेट्रोल पंपावरचा माणूस, दाढी करणारा, बर्फ वितळवायचं मीठ विकणारा पोरगेला दुकानदार. तुम्ही आत असता तर. आणि आत म्हणजे काय, तर एक दार. पिवळट लाकडाचं, पितळी मुठीचं, कोर्टाच्या उजव्या भिंतीतलं. त्या दारातून ज्युरीचे बारा जण निकाल ठरवायला आत गेले. एमिल गेला नाही, कारण तो राखीव ज्युरर होता, कुणी गळालं तरच त्याची जागा घ्यायला. सात आठवडे तो त्या बारा जणांसोबत बसला, तेच साक्षीदार ऐकले, तीच छायाचित्रं पाहिली, हायवेकाठच्या त्याच हॉटेलात तेच रबरी ऑम्लेट खाल्लं. टीव्ही बंद, पेपर बंद, आपसांत खटल्याबद्दल चकार शब्द बंद, न्यायाधीशांनी रोज संध्याकाळी बजावायचं. आणि बाहेर अख्खा देश तो खटला टीव्हीवर बघत होता, जेवता जेवता, इस्त्री करता करता. मध्येच एका ज्युररला मूतखड्यानं गाठलं, तेव्हा पहिला राखीव त्याच्या खुर्चीत सरकला. एमिल दुसरा राखीव. आणखी एखाद्याला काही झालं असतं तर. कुणाला काही झालं नाही. शेवटच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याचे आभार मानले, शिपायानं त्याचा कोट आणून दिला, आणि बारा जण पिवळट दारातून आत गेले. सगळ्यांत शेवटी लोरेटा सॅबो. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला कोटाची एक बाही सापडत नव्हती, ती तीच शोधत शोधत आत गेली.

तीन दिवसांनी निकाल आला. निर्दोष.

(निर्दोष. निर्दोष. टीव्हीच्या पडद्यावर तळाशी तो शब्द डावीकडं सरकत होता, संपत होता, उजवीकडून परत येत होता. वर खून झालेल्या मरिसाचा फोटो, बालवाडीच्या मुलांसोबत, कागदी टोपी घातलेली. शेजारी तिचा नवरा, आरोपी ब्रेंट हॅडली, पोहण्याचे तलाव बांधून विकणारा, वकिलाच्या खांद्यावर डोकं टेकून रडणारा. खाली, एमिलच्या गावाच्या नावानं, लोकांची मतं. यंग्सटाउनच्या बारा मूर्खांना. यंग्सटाउनचे बारा विकाऊ. यंग्सटाउनच्या.)

आणि एमिल हा तेरावा, चौदावा, जो कोण तो, एकटा स्वच्छ. कारण कोर्टाच्या पायऱ्यांवर एका लाल कोटातल्या मुलीनं त्याच्या तोंडासमोर माइक धरला होता. निकाल यायच्या आधी. तुम्ही काय मत दिलं असतं? तो म्हणाला, "मला ती पोरगी अजून दिसते." एवढंच. ते खरं होतं. ती त्याला दिसायची, खाणीच्या तळ्यातून काढलेली, छायाचित्र क्रमांक अमुक, केसांत बर्फाचा चुरा. असं म्हणायला हवं होतं: मला बोलायची इच्छा नाही. किंवा असं: मला ती दिसते, पण दिसणं म्हणजे पुरावा नव्हे. किंवा असं: बाजूला हो पोरी, मला लघवीला लागलीय. पण तो म्हणाला ते म्हणाला, आणि निकालानंतर ती चित्रफीत देशभर फिरली, ज्याला न्याय करू दिला नाही तो हा माणूस म्हणून. त्याचे डोळे त्यात ओले दिसत होते. तो वारा होता.

"वारा नव्हता," बर्नी म्हणाली. बर्नी त्याची बायको. ती टेबलावर पाव बघत होती. "मी तुला बत्तीस वर्षं ओळखते. तू रडत होतास. आणि हा पाव कुणी चेपला?"

"एका बाईनं मिठी मारली."

"दुकानात?"

"दुकानात."

"तरुण होती?"

"बर्नी."

"विचारते आपली. माझ्या नवऱ्याला लोक मिठ्या मारायला लागलेत तर मला माहीत असलेलं बरं." ती हसली, पण तिच्या हसण्यात एक मऊ, पोटभर जेवल्यासारखं काहीतरी होतं. निकालापासून ती असं हसायची. तिची बहीण क्लीव्हलंडहून फोन करायची, शेजारीण केक आणून द्यायची. आयुष्यभर ती एका बोलिंग अॅलीच्या मेकॅनिकची बायको होती. एमिलनं सगळी नोकरी भिंतीच्या मागं काढली, जिथं यंत्रं पडलेल्या खुंट्या उचलून परत उभ्या करतात. पुढं लोक खेळायचे, बिअर प्यायचे, ओरडायचे, आणि मागं त्याच्यापर्यंत यायचा तो फक्त धडाका. चेंडू कुणी टाकला ते त्याला कधी दिसलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत तो आवाजावरून ओळखायचा, हा डावखुरा, ही बाई, हा प्यालेला. मग एका सुट्टीच्या दिवशी त्यानं पुढं येऊन बघितलं, तर त्याचं सगळं चुकलेलं होतं. तेव्हापासून त्यानं तो नाद सोडला.

आणि एमिलचं अडलं होतं ते इथंच. त्या खटल्यात सगळ्यांत भारी साक्ष होती ती ब्रेंटच्या घरासमोर राहणाऱ्या मिसेस ड्रिस्कोलची. खुनाच्या पहाटे तिला त्याच्या ट्रकचं इंजिन ऐकू आलं, अंगणात, उजाडायच्या कितीतरी आधी, बराच वेळ चालू. ती अंथरुणात होती. पडदा ओढलेला. पण आवाज त्याच ट्रकचा, शपथेवर सांगते, रोज ऐकते मी. सरकारी वकील म्हणाला, ट्रक चालू ठेवून तो बायकोचं प्रेत गालिच्यात गुंडाळत होता. कोर्टात कुणीतरी हुंदका दिला. आणि एमिल, राखीव खुर्चीत, जिथं त्याच्या मताला काडीची किंमत नव्हती तिथं बसून, आपल्या गल्लीचा विचार करत होता. जानेवारीत पहाटे कोण गाडी तापत ठेवत नाही? समोरचा पोलिश म्हातारा ठेवतो, नर्स ठेवते, तो स्वतः ठेवतो आणि परत आत येऊन कॉफी पितो. अंथरुणात पडल्या पडल्या त्यालाही ऐकू येतात इंजिनं, बर्फात सगळ्यांचा आवाज एकच होतो, जाड, कांबळ्याखालून आल्यासारखा. कुणाची कुठली, देव जाणे. त्यानंच मारलं असेल. एमिलला मनातून वाटतं की त्यानंच मारलं. पण त्या कोर्टाबाहेर, आपल्या गाडीत बसून, आभाराचं पत्रक मांडीवर ठेवून, त्यानं खिसे चाचपावेत तसं स्वतःला चाचपलं होतं, आणि सापडलं ते हे: सिद्ध नाही झालं. सोडायच्या बाजूनं मी हात वर केला असता. मग त्यानं इंजिन चालू केलं होतं आणि ते तापेपर्यंत बसून राहिला होता.

"बर्नी," तो म्हणाला. "मीही सोडलं असतं त्याला."

बर्नी पावाचे काप करत होती. चेपलेला भाग ती वेगळा काढत होती. तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"एमिल, तू डास मारायच्या आधी दोनदा विचार करतोस." तिनं सुरी खाली ठेवली. "पण हे घरात. या चार भिंतींत. बाहेर बोलून काय होणार? ती मुलगी परत येणार? लोरेटाची गिऱ्हाइकं परत येणार?"

"निदान लोरेटाला कळेल."

"तिला कळेल आणि आपल्या खिडकीतून दगड येईल. माझ्या खिडकीतून. त्या काचा मी पुसते." मग जरा वेळानं, खालच्या आवाजात: "मला केक आवडतो रे शेजारणीचा. एवढंच. मला आयुष्यात पहिल्यांदा लोक विचारतायत, तू कशी आहेस बर्नी."

एमिलनं चेपलेला एक काप उचलला आणि उभ्यानंच खाल्ला.

लोरेटा सॅबो चार गल्ल्या पलीकडं राहायची. विधवा. घराच्या पुढच्या खोलीत केस कापायची, दोन खुर्च्या, डोक्यावर घ्यायचे दोन जुने ड्रायर. ज्युरीतल्यांची नावं कोर्टानं गुप्त ठेवली होती, पण सात आठवडे केस कापायचं दुकान बंद राहिलं तर गुप्त काय राहणार? आता दुकान उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. त्या दिवशी दुपारी एमिल गाडी घेऊन तिच्या गल्लीतून गेला. जायचं कारण नव्हतं. रात्रभर बर्फ पडलं होतं. त्या गल्लीत ज्याच्याकडं बर्फ उडवायचं यंत्र असेल तो आपल्या दारासमोरची पायवाट साफ करता करता शेजाऱ्याचीही करून टाकतो, ते न सांगता चालतं, वर्षानुवर्षं. आज पायवाट एका टोकाकडून स्वच्छ काळीभोर येत होती ती लोरेटाच्या कुंपणाशी थांबली होती. सुरीनं कापल्यासारखी. तिच्या घरासमोर गुडघाभर पांढरं, आणि पलीकडच्या कुंपणापासून परत काळीभोर. म्हणजे कुणीतरी ते जड यंत्र बंद करून, रस्त्यावर उतरवून, तिच्या हद्दीवरून वळसा घालून पुन्हा वर चढवलं होतं. केवढी मेहनत. बर्फाच्या ढिगात काठीला मरिसाचा फोटो खोचला होता, कागदी टोपी घातलेला. लोरेटा पायरीवर फावडं घेऊन उभी होती. पाठमोरी. एमिलच्या गाडीच्या डिकीत फावडं होतं. उतरायचं, चार फावडी मारायची, एवढंच होतं. त्याचा पाय ब्रेकवर जाईल असं त्याला वाटलं. तो पायाकडं बघत राहिला. पाय दुसऱ्याचा असावा तसा अॅक्सिलरेटरवरच राहिला, हलका, एकसारखा, आणि गल्ली संपली.

खटल्याच्या दिवसांत हॉटेलात ती दोघं रोज रात्री पत्ते खेळायची. खटल्याबद्दल बोलायला बंदी, मग बोलणार काय? पत्ते. ती पान टाकायच्या आधी ओठ चावायची. एकदा तो म्हणाला, "किती वेळ घेतेस गं, लग्न ठरवतेयस का?" ती म्हणाली, "लग्न मी झटक्यात ठरवलं होतं, म्हणून तर आता पत्त्यांत विचार करते." दोघं इतकी हसली की बाहेर बसलेल्या पोलिसानं आत डोकावून बघितलं. त्या दारामागं तीन दिवस तिनं किती ओठ चावला असेल. त्याला कधी कळणार नाही. त्याला फक्त धडाका ऐकू आला.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार होता. शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळतात. सगळा पॅरिश, म्हणजे त्या चर्चची सगळी वस्ती येते, पॅरिशबाहेरचेही येतात, जिन्यापर्यंत रांग लागते. तेलाचा वास, ओल्या बुटांचा वास, भिंतीकडेला खुर्च्यांवर कोटांचे डोंगर. टेबलांची एक लांब ओळ, प्रत्येक परातीमागं केसांना जाळी बांधलेली एक बाई, हातात डाव. मासा, मग कांद्याच्या लोण्यातल्या पियेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, मग मॅकरोनी, मग लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया. कोबीच्या परातीमागं लोरेटा. दरवर्षी तीच असते, तिच्या सासूची ती जागा होती. फादर डॅनला दोघीतिघींनी सुचवून पाहिलं होतं म्हणे, यंदा तिला मागं भांडी घासायला द्या. फादर म्हणाले होते, जागा तिची आहे. तेवढं ते म्हणाले आणि स्वतः माशांच्या कढईशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

कुणी तिला वाईट बोललं नाही. ते इथं होत नाही. कागदी ताट तिच्यासमोर यायचं आणि न थांबता पुढं सरकायचं. "आज कोबी नको गं, पोट जरा..." "डॉक्टरनं लोणी बंद केलंय." "पुढच्या वेळी हं, लोरेटा." सगळे हसून. मॅकरोनीची परात दोनदा भरून झाली होती. कोबीचा डोंगर होता तसाच, वरून सुकत चाललेला, कडेला तपकिरी. लोरेटा अधूनमधून डावानं तो खालीवर करायची, म्हणजे ताजा दिसेल.

एमिल रांगेत होता. पुढं बर्नी, मागं चक बिएल्स्की, बोलिंगच्या दिवसांपासूनचा. "पुढं जा ना तू," चक म्हणाला, "तुला कोण अडवणार? अहो, एमिलला जाऊ द्या पुढं!" आणि लोक खरंच बाजूला झाले. एमिल म्हणाला, नको. ते म्हणाले, जा हो. बर्नीनं त्याचा कोपर धरला आणि तो पुढं ढकलला गेला, मासा, पियेरोगी, मॅकरोनी, बायका त्याला जास्त वाढत होत्या. घरून निघताना त्यानं एक वाक्य तयार केलं होतं, गाडीत ते तोंडातल्या तोंडात म्हणूनही पाहिलं होतं. तो कोबीसमोर थांबला. तो थांबला म्हणून रांग थांबली. रांग थांबली म्हणून तळघर थोडं शांत झालं. लोरेटानं वर पाहिलं. तिनं स्वतःचे केस कापले होते, घाईत, एका बाजूला जास्त.

"वाढ," तो म्हणाला. "भरपूर वाढ."

तिनं एक डाव वाढला. मग ओठ चावून आणखी एक.

"लोरेटा," एमिल म्हणाला, आणि आवाज ठरवल्यापेक्षा मोठा आला, मागच्या टेबलांपर्यंत गेला. "मी आत असतो तर मीही तेच मत दिलं असतं."

झालं. बोलला. आता दगड येवो, काच फुटो, काय व्हायचं ते होवो. तो वाट बघत उभा राहिला. बर्नीनं डोळे मिटून घेतले होते.

चकनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "हा आपला एमिल!" तो भरल्या आवाजात म्हणाला. "बघितलंत का? अरे, असं मन पाहिजे माणसाचं!"

"नाही, चक, मी खरंच..."

"कळलं रे, कळलं. तू तसंच म्हणणार." आणि चकनं आपलं ताट पुढं केलं. "दे गं लोरेटा, मलाही दे. एमिल म्हणतो तर जाऊ दे झालं ते."

"मी खरं सांगतोय," एमिल म्हणाला. "त्या इंजिनाच्या आवाजावरून..."

"एमिल," लोरेटा हळूच म्हणाली. "बस कर. मागं रांग आहे."

रांग होती आणि ती आता चालायला लागली होती. मासा हातात घेऊन बसलेलेही उठून परत आले. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "उपासाच्या दिवसांत तरी मनात ठेवू नये, नाही का?" आणि ताट पुढं केलं. ज्याचं पोट बिघडलं होतं त्याला कोबी हवा होता. ज्याला लोणी बंद होतं त्यालाही. "थोडासा दे, लोरेटा." "चुकतं गं माणसाचं." "आमच्या मनात काही नाही हं आता." कुणी तिच्या मनगटावर हात ठेवला, कुणी गालाला गाल लावला. मिसेस नोव्होत्नी तर टेबलावरून वाकून तिला म्हणाली, "सोमवारी येते मी केस कापायला," आणि ती येणार होती, तिच्या मागून बाकीच्याही येणार होत्या. लोरेटा वाढत होती. "जपून, गरम आहे," ती प्रत्येकाला म्हणत होती. कोबी केव्हाच गार झाला होता.

एमिलला मधल्या टेबलावर बसवलं गेलं. बर्नी शेजारी बसली, तिनं टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला. सुटका झाल्यासारखा. त्याला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, तिचा हात ऊबदार होता. त्याला वाटलं, उभं राहावं, खुर्चीवर चढावं. पण खुर्चीवर चढून काय सांगणार? तेच. आणि तेच तर त्यानं सांगितलं होतं. ह्याहून सोपे शब्द त्याच्याकडं नव्हते.

परात खरवडल्याचा आवाज आला. "संपला," लोरेटा म्हणाली. "कोबी संपला." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी. ती फडकं घेऊन टेबलं पुसत पुसत त्यांच्यापर्यंत आली. एमिलच्या ताटाच्या कडेनं तिनं फडकं फिरवलं.

"लोरेटा, मला असं करायचं नव्हतं."

"ठाऊक आहे." ती फडक्याकडंच बघत होती. "आजपर्यंत मी फावडं घेऊन उभी राहायचे ना, तेव्हा मनात एक होतं. मी काही केलेलं नाही. बर्फ काढायचे, फोटो उपटायचे, आणि घरात येऊन झोपायचे. आता सगळ्यांनी माफ केलं." तिनं फडक्याची घडी केली. "माफ केलं म्हणजे मी काहीतरी केलंच असणार. नाही का?"

ती पुढच्या टेबलाकडं गेली. तिथल्या बाईनं तिला कवटाळलं. तिचे दोन्ही हात, फडक्यासकट, हवेतच राहिले.

एमिल खात नव्हता म्हणून समोरचे सगळे त्याच्याकडं बघत होते, प्रेमानं, तो पहिला घास कधी घेतो याची वाट बघत. त्यानं हात वर केला. सरळ, खांद्याच्या वर, त्या दारामागं मत देताना केला असता तसा, सगळ्यांना दिसेल असा. तळघरात क्षणभर सगळे थांबले. मग पलीकडून कुणीतरी उठलं, आणि हातोहाती, हसऱ्या चेहऱ्यांवरून, मिठाची बाटली त्याच्यापर्यंत आली.